कंचा हत्ती?

गेल्या वर्षी दिवाळीच्या जरा अलीकडे आमच्या खालच्या शेतात हत्ती उतरला. भात दुधात होतं. सकाळी आम्ही बांधावर उभे राहून नुकसान बघत होतो, म्हणजे दादा बघत होता आणि मी नजर चुकवत होतो, तेवढ्यात पुतणी चपला काढून चिखलात उतरली. तिच्या हातात सुतळी होती. पुढच्या पावलाचा एक ठसा बरा उठला होता. त्याच्या कडेनं तिनं सुतळी फिरवली, गाठ मारली आणि बांधावर येऊन माझ्या टेपला लावली. चार फूट सात इंच.

"म्हणजे उंची नऊ फूट दोन इंच," ती म्हणाली. "मोठा नर हाय."

"उंची घेऊन काय करायची?" दादा म्हणाला. "सदरा शिवतेस काय त्याला?"

हसायला कुणालाच आलं नाही. पण हिशेब बरोबर होता. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाचा घेर दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची जवळपास मिळते. माहूत लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, शास्त्रज्ञांनी मोजमापं घेऊन ते पक्कं केलं. हत्तीण सहसा आठ फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे नऊ फुटी पाऊल दिसलं की नर समजायचा.

पुतणी शिरसीच्या फॉरेस्ट्री कॉलेजात शिकते आणि तिला पुढं हत्तींवरच काम करायचंय. घरात यावरून जे काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. वहिनीचं एकच वाक्य पुरे: "शेतात हत्ती येतोय तेवढा पुरे झाला नाही काय, म्हणून पोरगी हत्तीकडं चालली?" मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, म्हणून भावकीतला प्रत्येक जण मलाच विचारतो, हत्तीवर संशोधन म्हणजे नेमकं काय करतात गा सर? पगार कोण देतंय? बाईमाणसानं रानात जाऊन करायचं काय? पगाराचं शेवटी बोलू. बाकीच्याचं उत्तर देता यावं म्हणून मी वर्षभर वाचत होतो, आणि वाचता वाचता लक्षात आलं की या क्षेत्रात ज्या बायकांनी आयुष्य घातलं त्यांच्या कामाचा अर्धाअधिक भाग एकाच प्रश्नाभोवती फिरतो. तो प्रश्न म्हणजे: हा कोणता हत्ती?

आपण काय म्हणतो? "हत्ती आला." जणू हत्ती नावाचा एकच कुणीतरी आहे. आमच्या बेळगावकडं नागरगाळीला आला तोही हत्ती, गोल्याळीला आला तोही हत्ती. पाऊस आला म्हणावं तसं. ह्या बाया तसं म्हणत नाहीत.

म्हैसूरच्या खाली नागरहोळे आणि बंडीपूरच्या मध्ये काबिनी धरणाचं पाणी आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं आणि रानातले हत्ती तिथं चरायला उतरतात. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या प्राध्यापक टी. एन. सी. विद्या यांनी २००९ साली तिथं काम सुरू केलं. त्यांचे विद्यार्थी जीपमध्ये बसून फोटो काढतात, टिपणं घेतात आणि प्रत्येक हत्तीची ओळख ठरवतात. असे शेकडो हत्ती त्यांच्या नोंदीत आहेत.

ओळखायचं कसं? वाटतं तितकं अवघड नाही, फक्त चिकाटी लागते. आधी कान बघायचा. कानाची वरची कड पुढं दुमडलीय की मागं, किती दुमडलीय (वय वाढेल तशी ही घडी वाढते), खालच्या पाळीला कुठं फाट आहे, कुठं भोक आहे. मग सोंडेवर आणि कानावर गुलाबी ठिपके किती पसरलेत ते. शेपटी लांब की तुटकी, टोकाचे केस दोन्ही बाजूंना आहेत की एकीकडचे झडलेत. पाठ कमानीसारखी की सपाट. नर असेल तर सुळे: सरळ, वर वळलेले, एक आखूड एक लांब. आशियाई हत्तिणीला बाहेर दिसणारे मोठे सुळे नसतात, आणि नरांमध्येही सुळे नसलेले असतात, त्यांना मखना म्हणतात. दक्षिण भारतात बहुतेक नर सुळेवाले, तर श्रीलंकेत सुळेवाला नर क्वचितच.

आमच्या गुराख्यांना हे सांगितलं तर म्हणतील, यात नवल काय? दोनशे म्हशींतून आपली म्हैस लांबून ओळखणारी माणसं ती. खरंच आहे. फरक एवढाच की गुराखी ते मनात ठेवतो आणि त्याच्याबरोबर ते जातं. ह्या बाया ते वहीत उतरवतात आणि वीस वर्षांनी दुसऱ्या कुणालाही ती वही उघडून पुढं चालू करता येते.

वीस वर्षं म्हणजे फार नव्हेत, हत्तीच्या हिशेबानं. हत्ती साठीपर्यंत जगतो. हत्तीण वीस-बावीस महिने पोट वागवते आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचं अंतर ठेवते. काबिनीचं काम सुरू झालं तेव्हा जन्मलेली कालवड (हत्तीच्या पिल्लाला कालवड म्हणू नये, पण मला सुचतं तेच) आत्ता कुठं पहिलटकरीण व्हायच्या वयाला आली असेल. पीएचडी पाच वर्षांची. म्हणजे एका पीएचडीत हत्तीच्या आयुष्याचं एक प्रकरणही पुरं होत नाही. म्हणून हा धंदा एका नोकरीपुरता नसतो. श्रीलंकेतल्या उडावलावे राष्ट्रीय उद्यानात शर्मिन डी सिल्वा यांनी २००५ पासून असंच एकेका हत्तिणीला ओळखून ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्यांच्या गाठीभेटी मांडत गेल्या.

त्या मांडणीतून जे निघालं ते आपल्याला चटकन कळेल. लक्ष्मी यात्रेत एका संध्याकाळी उभं राहून बघा. दोघी इथं, तिघी तिथं, कोण बांगड्या भरतेय, कोण पाळण्यात बसलेय. परका माणूस म्हणेल, यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण दहा यात्रा बघा. फिरून फिरून त्याच बाया एकत्र दिसतील, आणि कळेल की अरे, ही तर एकच भावकी. आशियाई हत्तिणी तशाच. रानात बहुतेक वेळा दोघी-तिघी मोठ्या हत्तिणी आणि त्यांची पिल्लं एवढाच कळप दिसतो. पूर्वी लोकांना वाटायचं, आफ्रिकेतल्या हत्तींची कुटुंबं घट्ट आणि आपल्याकडची विस्कळीत. उडावलावे आणि काबिनीच्या नोंदींनी दाखवलं की आपल्याकडेही कुळं आहेत, मोठी आहेत, फक्त सगळी मंडळी एकाच वेळी एका जागी चरत नाहीत. आज ही तिच्याबरोबर, उद्या दुसरीबरोबर, पण कुळाच्या आतच.

आणि या कुळात माहेर सुटत नाही. विद्या यांनी काबिनीच्या आधी प्राध्यापक रमण सुकुमार यांच्याकडे काम करताना हत्तींच्या लिदीतून डीएनए काढून हे तपासलं होतं. डीएनएचा एक भाग फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात वाटा नसतो. कळपातल्या मोठ्या हत्तिणींचा तो भाग सारखा निघाला. म्हणजे आई, मुलगी, मावशी, आजी एकाच ठिकाणी राहतात. घर सोडतो तो मुलगा. दहा-पंधरा वर्षांचा झाला की तो बाहेर पडतो आणि पुढचं आयुष्य एकटा किंवा दोन-चार सोबत्यांबरोबर काढतो. हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा जरा लक्ष देऊन ऐकत होती.

आता आमच्या शेताकडे येऊ. पिकात उतरतो तो कोण? १९८०च्या दशकात सुकुमार यांनी बिळिगिरीरंगन डोंगराच्या बाजूला हे मोजलं होतं: मोठे नर हत्तिणींच्या कळपांपेक्षा कितीतरी जास्त वेळा पिकात शिरतात. त्याचं कारण हिशेबाचं आहे. रानातल्या गवतापेक्षा भाताच्या लोंबीत, उसात, नाचण्यात प्रथिनं आणि क्षार जास्त. हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, त्यातलं निम्मंसुद्धा धड पचत नाही, म्हणून तो दिवसातले पंधरा-सोळा तास खातच असतो. तेच पोषण शेतात थोड्या वेळात मिळतं. धोका आहे, फटाके आहेत, मशाली आहेत. पिल्लू बरोबर असलेली हत्तीण तो धोका सहसा घेत नाही. नर घेतो, कारण ज्याचं अंग मोठं त्याला पुढं हत्तीण मिळायची शक्यता जास्त. गावात जुगार खेळणारे कोण असतात ते आठवा.

आमच्या शेतात तो काय करून गेला होता तेही बघण्यासारखं होतं. मी वाकून बघितलं, दादाला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला खरंच बघायचं होतं. बांधाजवळच्या भागात बुडख्यासकट उपटलेले चूड पडले होते आणि मुळं स्वच्छ होती. हत्ती चूड उपटून पायावर आपटतो, माती झाडतो आणि मग तोंडात घालतो. पण मधल्या भागात, जिथं लोंबी भरत आलेली, तिथं नुसते शेंडे ओढून नेलेले, धाटं उभीच. म्हणजे पठ्ठ्या निवडून खात होता. त्यानं खाल्लं त्याच्या तिप्पट तुडवलं होतं, हा भाग वेगळा.

आता वासाची गोष्ट. या सगळ्या वाचनात मला सर्वांत आवडलेली.

आपल्या भाषेत माज हा शब्द दोन्हीकडे चालतो. म्हैस माजावर येते आणि हत्तीही माजतो. शास्त्रात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हैस माजावर येते म्हणजे ती गाभण राहायला तयार असते. नर हत्तीचा माज म्हणजे मद. डोळा आणि कान यांच्यामध्ये त्याच्या गंडस्थळावर एक ग्रंथी असते, ती वर्षातून काही आठवडे, कधी काही महिने पाझरते. मूत्र सतत ठिबकत राहतं, अंगातलं नर-संप्रेरक अनेक पटींनी वाढतं, आणि एरवी वाट सोडून जाणारा हत्ती वाट अडवून उभा राहतो. इंग्रजीतही याला आपल्याकडचाच, फारसीतून आलेला मस्त हा शब्द आहे.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात बेट्स रासमुसेन नावाच्या बाई जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांना प्रश्न पडला की हत्तीण माजावर आल्याचं नराला कळतं कसं? हत्तिणीचं चक्र चौदा ते सोळा आठवड्यांचं, त्यात गाभण राहायचे दिवस मोजके. नर तर बहुतेक वेळ वेगळा हिंडत असतो. तेवढे दिवस चुकले की गेलं. नर हत्ती हत्तिणीच्या मूत्राला सोंडेचं टोक लावून ते तोंडात टाळूला टेकवतो, तिथं वासाचं एक खास इंद्रिय असतं, हे दिसत होतं. पण मूत्रात असतं तरी काय? बाईंनी वर्षानुवर्षं हत्तिणींचं मूत्र गोळा केलं, त्यातले घटक वेगळे केले, एकेक घटक नरापुढं ठेवला आणि तो सोंड कुठं नेतो ते बघितलं. १९९६ साली उत्तर छापून आलं. तो पदार्थ म्हणजे एक डोडेसिनाइल अ‍ॅसिटेट, आणि गंमत अशी की शंभरावर जातींच्या पतंगांच्या माद्या नराला बोलवायला हाच पदार्थ वापरतात. दिव्यावर येणारे आपले पतंग आणि चार टनांचा हत्ती, दोघांना बोलावणं एकाच वासाचं. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मग पतंग हत्तीच्या मागं लागत नाहीत काय?" प्रश्न चांगला होता. पतंगांच्या माद्या त्यात आणखी पदार्थ ठराविक प्रमाणात मिसळतात, शिवाय त्यांचं प्रमाण कणभर असतं आणि हत्तिणीचं मूत्र बादल्यांनी. घोटाळा होत नाही.

पुढं २००२ साली रासमुसेन आणि तमिळनाडूतले हत्तींचे प्रसिद्ध डॉक्टर व्ही. कृष्णमूर्ती यांनी मिळून आणखी एक गोष्ट मांडली. नुकत्याच वयात येणाऱ्या नराच्या मदाला मधासारखा गोड वास येतो. मोठ्या नराच्या मदाला उग्र, नकोसा. गोड वास म्हणजे, मी अजून लहान आहे, तुमच्याशी भांडणार नाही. उग्र वास म्हणजे बाजूला व्हा. आपल्या जुन्या संस्कृत काव्यात हत्तीच्या गंडस्थळाभोवती भुंगे घोंघावतात हे वर्णन आपण शाळेत अलंकार म्हणून पाठ केलं. त्या कवींनी कोवळा हत्ती जवळून बघितला असणार. मला वाटतं, आपले बरेच अलंकार असे आधी कुणीतरी बघितलेले असतात.

वासाचं झालं, तसं आवाजाचं. केटी पेन या बाई आधी देवमाशांची गाणी अभ्यासत होत्या. १९८४ साली पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींच्या गोठ्यापाशी उभ्या असताना त्यांना हवेत धडधड जाणवली, आवाज मात्र ऐकू येईना. लहानपणी चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनजवळ उभं राहिल्यावर असंच जाणवायचं हे त्यांना आठवलं. त्या ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन परत आल्या आणि कळलं की हत्ती माणसाच्या कानाला ऐकू येईल त्याच्या खालच्या सुरात बोलतात. आपला कान सेकंदाला वीस कंपनांच्या खाली काम करत नाही, हत्तीचा सूर चौदापर्यंत उतरतो. असा खर्जातला आवाज झाडोऱ्यातून लांबवर जातो. देवळातला मोठा ढोल आधी छातीला कळतो आणि मग कानाला, त्यातला प्रकार.

मोजणीचं मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण दर वेळी पेपरात आकडा आला की लोक विचारतात, "रानात जाऊन मोजले काय यांनी?" २०२५ साली जाहीर झालेल्या देशव्यापी मोजणीत भारतात सरासरी २२,४४६ हत्ती निघाले, त्यातले ६,०१३ कर्नाटकात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. आधीच्या मोजणीत, २०१७ साली, देशाचा आकडा सत्तावीस हजारांच्या वर होता. मग पाच हजार हत्ती गेले कुठं? तसं नाही, मोजायची रीतच बदलली आहे आणि दोन्ही आकडे एका फळीवर ठेवता येत नाहीत.

नवी रीत लिदीची. ताज्या लिदीच्या बाहेरच्या ओल्या थरावर आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात आणि त्यातून डीएनए मिळतो. देशभरातून २१,०५६ नमुने गोळा झाले आणि त्यातून ४,०६५ वेगवेगळे हत्ती ओळखले गेले. इथंही तेच: आधी कोणता हत्ती ते ठरवायचं. मग ४,०६५ वरून बावीस हजारांवर कसं जायचं? समजा यात्रेत पहिल्या दिवशी तुम्ही शंभर माणसांना गुलाल लावला. दुसऱ्या दिवशी कुठल्याही शंभर जणांना थांबवलं, त्यात दहा गुलालवाले निघाले. म्हणजे दहातला एक तुमच्या गुलालाचा. तर यात्रेत हजारेक माणूस आहे. लिदीतून तोच हत्ती पुन्हा किती वेळा सापडतो यावरून असाच अंदाज बांधतात, फक्त गणित जास्त किचकट असतं. कर्नाटकातले बहुतेक हत्ती दक्षिणेला, म्हैसूर-चामराजनगर-कोडगूकडे. आपल्या उत्तरेकडच्या पट्ट्यात थोडेच. पण २०१५ साली दांडेलीचं हत्ती राखीव क्षेत्र जाहीर झालं ते याच थोड्यांसाठी.

हे थोडे कुठले, तेही सांगतो. हल्याळ-दांडेलीचं रान, तिथून नागरगाळी, लोंढा, भीमगड, जांबोटी, कणकुंबी असा सलग झाडोरा आहे. २००२च्या सुमारास काही हत्ती याच बाजूनं खाली दोडामार्गात उतरले आणि पुढं चंदगड, आजऱ्यापर्यंत पोचले. हद्दीवरून आपण दोन राज्यं सत्तर वर्षं भांडतोय, हत्तीनं दोन्हीकडचं भात खाऊन बघितलं. इकडे परिहार म्हणायचं आणि अर्ज कन्नडमध्ये, तिकडे नुकसानभरपाई म्हणायचं आणि अर्ज मराठीत. आमच्या पंचनाम्याला एका कार्यालयातून माणूस आला तोपर्यंत दादानं राहिलेलं भात कापून उडवी रचली होती. "नुकसान कुठं दिसत नाही," असं ते साहेब म्हणाले. दादा काही बोलला नाही, मीही नाही.

हद्दीच्या दोन्ही बाजूंनी काम केलेल्या बाई म्हणजे पुण्याच्या वाइल्डलाइफ रिसर्च अँड कन्झर्वेशन सोसायटीच्या डॉ. प्राची मेहता. महाराष्ट्र-गोव्यात उतरलेल्या हत्तींचा प्रश्नही त्यांनी अभ्यासला आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात शेतकऱ्यांबरोबर राखणीच्या पद्धतींवरही काम केलं. या कामाला प्रयोगशाळा नसते. रात्री माळ्यावर शेतकऱ्याशेजारी बसायचं आणि सकाळी काय टिकलं ते लिहायचं. सुकी मिरची आणि तंबाखू गवतात घालून धूर करायचा, कारण हत्तीचं सगळं जग सोंडेत असतं आणि मिरची तिथंच झोंबते. काथ्याच्या दोरीला मिरची-तंबाखू तेलात कालवून फासायची. पायवाटेवर तार ताणून तिला भोंगा जोडायचा, म्हणजे हत्ती शेतात पोचायच्या आधी माणूस जागा होतो. पावसानं मिरची धुऊन जाते, दोरी पुन्हा फासावी लागते. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे शेजाऱ्यांनी पाळी लावून एकत्र राखण करायची. कारण एकट्यानं हाकललेला हत्ती रानात जात नाही, शेजारच्या शेतात जातो.

सुतळी बॉम्बचं काय? पहिल्या वर्षी पळतो, दुसऱ्या वर्षी थांबून बघतो. त्यात माणसाच्याच जिवाला घोर. झटका मशीन नीट लावलं तर चालतं, त्यात क्षणभराचा ठोका बसतो आणि जनावर मागं सरतं. पण कुंपणात थेट लाईन सोडणं म्हणजे हत्ती, म्हैस आणि पहाटे पाणी सोडायला आलेला आपलाच माणूस, जो आधी येईल तो मेला. हे मी गावात तोंडावर सांगतो आणि त्यामुळे दोन घरांत माझा चहा बंद झालाय.

इथं पुन्हा कोणता हत्ती हा प्रश्न येतो. दरवर्षी तेच दोघे-तिघे येत असतील तर उपाय वेगळा, दर वेळी नवा येत असेल तर वेगळा. मदात असलेल्या नरापुढं मशाल घेऊन धावायचं नाही. कोवळा नर मोठ्याच्या मागून वाट शिकत असेल तर त्या मोठ्याला पकडून लांब नेलं तरी वाट शिकलेला मागं राहतोच. सिंधुदुर्गात २०१५ साली तीन हत्ती पकडले, त्यातले दोघे पुढं बंदिवासात मेले, आणि दोडामार्गात हत्ती आजही आहेत.

बाईमाणसानं रानात करायचं काय, या प्रश्नाला मी आता एक नाव सांगतो. आसामच्या गौरीपूरच्या पार्बती बरुआ. वडिलांकडून हत्तीविद्या शिकल्या, पोरवयातच रानटी हत्तींना फास टाकू लागल्या, आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वाट संशोधनाची नव्हे, माहुताची. पण सोंड उचललेल्या हत्तीपुढं उभं राहायचं कसं हे त्यांनी पुस्तकातून घेतलेलं नाही.

राहता राहिला पगार. पहिली काही वर्षं कमीच. एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पात उड्या, वर्ष-दोन वर्षांची नेमणूक, तंबू नाहीतर वनखात्याची पडकी खोली. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: दिवसभर जीपमध्ये बसायचं आणि उतरायला परवानगी नाही, म्हणून कित्येकजणी पाणीच पीत नाहीत. शिकायच्या जागा चांगल्या आहेत. पदवीनंतर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बेंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेचा वन्यजीवशास्त्राचा एमएस्सी अभ्यासक्रम. जागा थोड्या, परीक्षा कठीण. आमच्या पोरीचा एक फायदा मला दिसतो, तो म्हणजे ती घरी मराठी बोलते, वॉचरशी कन्नड आणि कागद इंग्रजीत लिहिते. या रानात तिन्ही लागतात.

तिची वही मी बघितली. पहिल्या पानावर चार फूट सात इंच आणि तारीख. दुसऱ्या पानावर एक चित्र. खालच्या वाडीतल्या पोरांनी टॉर्च मारून हत्तीचा व्हिडिओ काढला होता, गावभर फिरला, सगळ्यांनी त्यातल्या आरडाओरड्यासाठी बघितला. हिनं तो एका जागी थांबवला आणि कान काढला: उजवा कान, खालच्या पाळीला इंग्रजी व्हीसारखी फाट. डावा सुळा आखूड. शेपटीचे केस एकाच बाजूला. वहिनी शेजारी बसून भाजी निवडत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "सुळा अजून बारीक काढ, असा जाड नव्हता."

यंदा पुन्हा भात पोटरीला आलं तेव्हा एका रात्री साडेदहाला फोन वाजला. पलीकडच्या वाडीचा. पुतणी शिरसीला, दादा माळ्यावर, फोन वहिनीनं घेतला. मी ओसरीवर होतो. पलीकडून कुणीतरी ओरडून सांगत होतं, हत्ती आलाय, हत्ती आलाय, उसात शिरलाय.

वहिनीनं पदर खोचला, फोन खांद्याला दाबला, वही शोधायला लागली.

"कंचा?" ती म्हणाली. "फाटक्या कानाचा काय?"